आधी बरोबर, मग जोरात

पोरी, आता साकीनाक्याच्या गाळ्यात बेंचवर तू बसणार. सोल्डरिंगला तुझा हात चांगला आहे आणि विंडोज टाकणं आता कुणालाही जमतं. पण एक दुखणं असं आहे की भलेभले कारागीर त्यापुढे दमतात. मशीन चालू होतं, दिसायला ठणठणीत असतं आणि मधेच दगा देतं. कधी ब्लू स्क्रीन, कधी आपोआप रीस्टार्ट, कधी नुसतंच हँग. गिऱ्हाईक दोन ठिकाणी फॉरमॅट मारून आपल्याकडे आलेलं असतं. कॅबिनेट खोलून बघावं तर आत नवीकोरी, महागाची, वेगवान रॅम. अशा मशीनमध्ये पहिला संशय त्या वेगावर घे. रॅम तिच्या नेमून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवलेली असते आणि तो जोर आतल्या कुणाला तरी झेपत नसतो.

हे कानमंत्र माझे एकट्याचे नाहीत. माझे वस्ताद सीप्झमधल्या एका युनिटमध्ये बोर्ड जोडायला शिकले आणि मग त्यांनी साकी विहार रोडला स्वतःचा गाळा थाटला. त्यांच्या वेळी लोक पीसी-१०० ची रॅम १३३ वर पळवायचे. दुखणं तेच होतं, फक्त आकडे लहान होते. त्या रॅमला ३.३ व्होल्ट लागायचे, डीडीआर-४ ला १.२ लागतात आणि डीडीआर-५ ला १.१. वेग मात्र १३३ वरून ६००० च्या घरात गेला. शून्य आणि एक यांच्यातलं अंतर इतकं कमी झालं आहे की चुकायला आता फारशी जागाच उरलेली नाही. म्हणून वस्तादांची शिस्त तुझ्या काळात जास्त उपयोगी पडेल.

खोक्यावरचा आकडा नीट वाच

रॅमच्या खोक्यावर ३६०० किंवा ६००० छापलेलं असतं. गिऱ्हाईक तो आकडा हक्काचा समजतं. तू तसं समजू नकोस.

रॅमचे अधिकृत वेग जेडेक ही संस्था ठरवते. डीडीआर-४ ची अधिकृत मजल ३२०० पर्यंत. डीडीआर-५ बाजारात आली ती ४८०० पासून. अधिकृत वेगापुढचा जो आकडा खोक्यावर असतो, तो रॅम बनवणाऱ्याने तपासून स्टिकवरच्या एका छोट्या चिपमध्ये लिहून ठेवलेला असतो. इंटेलने २००७ साली या नोंदीला एक्सएमपी नाव दिलं, एएमडीने २०२२ मध्ये डीडीआर-५ साठी एक्स्पो आणलं. बायॉसमध्ये जाऊन ते चालू केलं की स्टिक छापील वेगाने पळते. एका क्लिकचं काम असल्यामुळे लोकांना ते साधं सेटिंग वाटतं. कंपन्यांच्या लेखी मात्र ते ओव्हरक्लॉकिंगच आहे.

रॅम बनवणाऱ्याने स्टिक तपासली, पण ती तुझ्या गिऱ्हाइकाच्या प्रोसेसरवर तपासलेली नाही, हे विसरू नकोस. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर पूर्वी मदरबोर्डवर वेगळ्या चिपमध्ये असायचा. एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये तो प्रोसेसरच्या पोटात घेतला. त्यामुळे वेग ठरवताना तिघांची संमती लागते: स्टिकची, बोर्डाची आणि प्रोसेसरची. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसरही इथे सारखे निघत नाहीत.

बोर्ड काय देतो तेही बघ. बी-४६० बोर्डावर दहाव्या पिढीचा आय-५ असेल तर ३२०० ची रॅम २६६६ वरच चालणार. एच-६१० वर डीडीआर-४ ३२०० च्या पुढे जात नाही. तिथे कुणी ३६०० ची रॅम विकली असेल तर पैसे फुकट गेले, पण तो बिघाड नव्हे. आणखी एक वाद रोज येईल: गिऱ्हाईक सीपीयू-झेडमध्ये १६०० बघून फसवणूक झाली म्हणून येतं. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा देते, म्हणून १६०० म्हणजेच ३२००. शांतपणे समजावून सांग, चहा पाज आणि मशीन तसंच परत दे.

औषध देण्याआधी वेग उतरव

मशीन बेंचवर आलं की पहिलं काम एकच. बायॉस डिफॉल्टवर आण, म्हणजे एक्सएमपी बंद होईल आणि रॅम जेडेकच्या वेगाने चालेल. प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग किंवा अंडरव्होल्टिंग केलेलं असेल तर तेही निघून जाईल. मग मशीन त्याच कामाला लाव, ज्या कामात ते पडत होतं.

आता दोनच वाटा उरतात. या वेगालाही मशीन पडलं, तर वेगाचा दोष नाही. स्टिक, स्लॉट, एसएमपीएस, प्रोसेसर, डिस्क, ड्रायव्हर यांतलं काहीतरी आहे. मशीन तासन्‌तास टिकलं, तर दुखणं वेगातच आहे आणि पुढची सगळी मेहनत तिथे घालायची. हा निकाल हाती येईपर्यंत एकही पार्ट बदलू नकोस आणि फॉरमॅट तर अजिबात मारू नकोस. अस्थिर रॅमवर विंडोज टाकलं तर फाइली लिहितानाच बिघडतात आणि एका दुखण्याची दोन होतात.

लक्षणंही ओळखायला शीक. ब्लू स्क्रीनवर दर वेळी एकाच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर आधी त्या ड्रायव्हरकडे बघ. दर वेळी वेगळंच नाव येत असेल, आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या पेज फॉल्ट, परवा आणखी काही, तर रॅमवर संशय घे. मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी चुकतो, गेमचा इन्स्टॉलर एकदा अडतो आणि दुसऱ्यांदा चालतो, ब्राउझरचे टॅब आपोआप कोसळतात, या सगळ्या त्याच घरच्या खुणा.

पण संशय म्हणजे निकाल नव्हे. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांचं उदाहरण लक्षात ठेव. गेम सुरू होताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश यायचा, लोक ग्राफिक कार्ड आणि रॅम बदलत बसले. २०२४ मध्ये इंटेलने सांगितलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने ते कायमचे खराब होत होते. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये सुधारित मायक्रोकोड आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर बेंचवर आला तर आधी बायॉसची आवृत्ती तपास. बायॉस नवा करूनही डिफॉल्टवर मशीन पडत असेल तर प्रोसेसर वॉरंटीत पाठव. रॅमशी झटापट करण्यात अर्थ नाही.

कॅबिनेटमध्ये बघ, मगच बायॉसमध्ये शीर

वेगाचं दुखणं नक्की झालं की लोक लगेच व्होल्टेज वाढवायला धावतात. तू आधी टॉर्च घे.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. बोर्डावर त्यांना बहुधा ए-२ आणि बी-२ लिहिलेलं असतं. आजच्या बहुतेक बोर्डांवर तांब्याची रेघ पहिल्या स्लॉटवरून पुढे दुसऱ्यापर्यंत जाते. स्टिक पहिल्यात लावली आणि दुसरा रिकामा ठेवला, तर सिग्नल त्या रिकाम्या टोकावर आपटून परत येतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. २४०० वर हे खपून जातं, ३६०० वर खपत नाही. नुसत्या स्लॉट बदलाने बरी झालेली मशीन्स तुला पुष्कळ भेटतील.

पुष्कळ बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते. वरून क्लिक ऐकू आला म्हणून खालची बाजू बसली असं होत नाही. दोन्ही टोकं अंगठ्याने दाबून बघ.

मग स्टिकचे सोनेरी दात बघ. आपल्याकडे पावसाळ्यात हवेला कायम ओल असते. त्यात खैरानी रोडच्या बाजूला गाळ्यांमधून घासकामाची धूळ आणि तेलकट धूर. हे सगळं दातांवर बसतं. वस्ताद खोडरबर वापरायचे आणि तो वाईट नाही, पण मऊ पांढरा घे, हलक्या हाताने दातांच्या दिशेनेच फिरव आणि चुरा बोर्डापासून लांब झटक. सोन्याचा थर फार पातळ असतो, रोज घासला तर निघून जातो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड बरं. स्लॉटमध्ये ब्लोअर मार. हे सगळं प्लग काढून, पॉवर बटण दाबून उरलेला करंट उतरवून आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावूनच.

तरीही एक चॅनेल रुसलेलं असेल, म्हणजे एका बाजूच्या स्लॉटमध्ये रॅम दिसतच नसेल, तर कूलर काढ. तो एका बाजूने जास्त आवळला असेल तर प्रोसेसर सॉकेटवर तिरका दबतो आणि रॅमच्या पिना नीट टेकत नाहीत. इंटेलच्या सॉकेटमध्ये एखादी पिन वाकलेली आहे का, ते मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघ. परत बसवताना स्क्रू कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, थोडा थोडा करत आवळ.

जोडी एकाच खोक्यातली हवी

ही तक्रार महिन्याच्या सुरुवातीला जास्त येते, कारण तेव्हा लोकांच्या हातात पैसे असतात. आधी ८ जीबीची एक स्टिक होती, आता तशीच दुसरी आणून लावली आणि तेव्हापासून मशीन पडतं.

'तशीच' हा शब्द ऐकलास की सावध हो. एकाच मॉडेल नंबरखाली कंपन्या वेगवेगळ्या बनावटीच्या चिप वापरतात. वर्षभराने घेतलेली स्टिक बाहेरून जुळी दिसते, आतून वेगळी असते. अधिकृत वेगाला दोघी सहसा नांदतात. एक्सएमपी लावलं की खटके उडतात, कारण प्रत्येकीची पडताळणी एकटीने किंवा स्वतःच्या जोडीदारासोबत झालेली असते. म्हणून १६ जीबी हवी तर आठ-आठची जोडी एकाच खोक्यातली घ्यायला सांग. ३२ जीबी लागेल असं आजच दिसत असेल तर आजच सोळा-सोळाची जोडी घ्यावी, चार स्टिकच्या फंदात पडू नये.

चार स्टिक म्हणजे मेमरी कंट्रोलरवर दुप्पट ओझं. रायझन ७००० साठी एएमडीने स्वतःच लिहून दिलं आहे: दोन स्टिक असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. ६००० च्या दोन जोड्या लावून ६००० मिळेल असं सांगणारा दुकानदार अंदाजावर माल विकतो. त्यामुळे गिऱ्हाइकाबरोबर रॅम घ्यायला लॅमिंग्टन रोडला जायची वेळ आली, तर मेट्रोने अंधेरी, तिथून स्लो लोकलने ग्रँट रोड, पण निघण्याआधी बोर्डाचं नाव आणि त्याची क्यूव्हीएल, म्हणजे त्यावर तपासलेल्या रॅमची यादी, फोनवर काढून ठेव. त्या यादीत स्टिकच्या मॉडेलपुढे किती स्लॉट भरलेले चालतात हेही दिलेलं असतं. बहुतेक लोक तो रकाना बघतच नाहीत.

एका वेळी एकच गोष्ट बदल

आतापर्यंत सगळं स्वच्छ, जोडी बरोबर, स्लॉट बरोबर, तरी छापील वेगाला मशीन पडतं. आता बायॉसमध्ये शीर. चढत्या नव्हे, उतरत्या पायऱ्यांनी जा.

पहिली पायरी: बायॉस नवा कर. बोर्ड बाजारात येतो तेव्हा त्याचं रॅम हाताळणं कच्चं असतं, नंतरच्या आवृत्त्यांत ते सुधारतं. पण बायॉस चढवताना एक्सएमपी बंद हवं आणि मशीन यूपीएसवर हवं. अस्थिर रॅममधून वाचलेली फाइल बोर्डात लिहिली गेली तर बोर्डच जातो.

दुसरी पायरी: एक्सएमपी चालू ठेव आणि फक्त वेग एक टप्पा खाली आण. ३६०० वरून ३४६६, मग ३३३३, मग ३२००. डीडीआर-५ असेल तर ६००० वरून ५८००, ५६००. गिऱ्हाइकाला वाटतं आपण त्याचं काहीतरी काढून घेतलं, तेव्हा त्याला हिशेब करून दाखव. सीएल म्हणजे मागितल्यापासून डेटा हाती येईपर्यंत किती ठोके जातात तो आकडा. सीएलला २००० ने गुण आणि वेगाने भाग, नॅनोसेकंद मिळतात. ३६०० ला सीएल १८ असेल तर १० नॅनोसेकंद. ३२०० वर टिकल्यावर सीएल १६ केला तर तिथेही १० च. वाट बघण्याचा वेळ तेवढाच राहिला. दोन चॅनेल मिळून डेटा सेकंदाला ५७.६ जीबीऐवजी ५१.२ जीबी जाईल, इतकाच फरक. त्याच्या कामात तो बहुधा जाणवणारही नाही. मशीन पडल्यावर गेलेलं दुपारभराचं काम मात्र नक्की जाणवतं.

तिसरी पायरी: वेग हवाच असेल तर टायमिंग सैल कर. सीएल १६ चं १८ कर, कमांड रेट १टी असेल तर २टी कर. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून गिअर नावाचं सेटिंग असतं. गिअर १ मध्ये कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने धावतो, गिअर २ मध्ये निम्म्या वेगाने. बाराव्या पिढीचे साधे, के नसलेले प्रोसेसर आपल्याकडे खूप येतात, उदाहरणार्थ १२४००. त्यांच्यात कंट्रोलरला मिळणारं सिस्टम एजंट व्होल्टेज बंदिस्त असतं, वाढवता येत नाही. त्यामुळे ३६०० गिअर १ वर पुष्कळ वेळा टिकत नाही. तिथे झगडू नकोस, ३२०० गिअर १ वर लाव आणि मोकळी हो.

व्होल्टेज सगळ्यात शेवटी. ते वाढवायचं तर ०.०१ किंवा ०.०२ च्या पावलांनी, आणि बोर्डाने 'ऑटो'मध्ये काय दिलंय ते आधी वाचून. ऑटोवर आंधळा विश्वास ठेवू नकोस. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० चे, विशेषतः एक्स-थ्रीडीचे, प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याच्या बातम्या जगभरातून आल्या. एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज आपणहून जास्त चढवत होते. एएमडीने मग बायॉसमधूनच १.३ व्होल्टची मर्यादा घातली. ती रेघ तूही ओलांडू नकोस. डीडीआर-४ च्या स्टिकवर १.३५ छापलं असेल तर १.३५ ते १.४ च्या दरम्यान बघ. त्यानेही जमत नसेल तर वेग कमी कर, व्होल्टेजच्या मागे लागू नकोस.

आणि डीडीआर-५ ला एक वेगळी सवय आहे. सेटिंग बदलल्यावर पहिल्यांदा मशीन चालू केलं की स्क्रीन काळी राहते, पंखे फिरतात, बाकी काही नाही. त्या वेळी बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात. त्याला काही मिनिटं लागू शकतात. नवशिका घाबरून रीसेट दाबतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. बोर्डावरचा डीरॅमचा दिवा बघ आणि थांब. खूप वेळ थांबूनही डिस्प्ले आला नाही, तर प्लग काढून सीएमओएस क्लिअर कर, जंपरने किंवा सीआर-२०३२ सेल थोडा वेळ काढून.

परीक्षा दुपारच्या उन्हात घे

मशीन सुरू झालं म्हणजे पास झालं असं नाही. विंडोजमधली मेमरी तपासणी पास झाली, तरीही नाही. ती फार वरवरची आहे. तू पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ प्लस ठेव. रात्री दुकान बंद करताना लाव, चार फेऱ्या होऊ दे. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी नापास. 'एकच चूक आहे' अशी सवलत रॅमला कधीच देऊ नकोस. मग विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी चालव, कारण तिथे प्रोसेसरवरही ताण येतो. शेवटी गिऱ्हाइकाचं स्वतःचं काम त्यावर करून बघ.

चांदिवलीच्या एका व्हिडिओ एडिटरचं मशीन आठवतं. दोन सोळाच्या स्टिक, ६००० च्या. रात्रभर मेमटेस्ट स्वच्छ, सकाळी सगळं छान, आणि दुपारी मोठं रेंडर लावलं की हमखास ब्लू स्क्रीन. डीडीआर-५ च्या स्टिकवर तापमान मोजणारा सेन्सर असतो, तो एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसतो. रात्री आकडा चाळिशीत होता. दुपारी, कॅबिनेटचं झाकण बंद, ग्राफिक कार्ड पूर्ण ताकदीने चालू, तेव्हा तो साठीच्या पुढे गेला आणि मग चुका सुरू झाल्या. ग्राफिक कार्डाची गरम हवा सरळ स्टिकवर येत होती.

असं का होतं ते समजून घे. रॅममधला प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधल्या विजेच्या रूपात असतो आणि ती वीज गळत राहते. पाझरत्या माठात सतत पाणी घालत राहावं, तशी रॅम स्वतःला पुन्हा पुन्हा भरून घेते. डीडीआर-४ मध्ये हे संपूर्ण भरणं ६४ मिलिसेकंदांत एकदा होतं. उष्णता वाढली की गळती वाढते. ८५ अंशांच्या पुढे तर जेडेक दुप्पट वेळा भरायला सांगतं. वेग आणि टायमिंग आधीच ताणलेले असतील तर त्याच्या कितीतरी आधीच तोल जातो.

त्या मशीनला वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा एक पंखा लावला, पुढून येणारी हवा स्टिककडे वळवली आणि वेग ५६०० वर आणला. व्होल्टेजला हातही लावला नाही. तिथून पुढे प्रत्येक मशीनची शेवटची परीक्षा झाकण लावून, एसी बंद करून, दुपारीच घ्यायची असा आपल्या दुकानाचा नियम झाला. मे महिन्यात पत्र्याच्या गाळ्यात जे मशीन टिकतं ते कुठेही टिकेल.

शेजारी वेल्डिंग चालू आहे का ते विचार

हा मंत्र कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, आपल्या वस्तीतून आलेला आहे. साकीनाक्याच्या औद्योगिक गाळ्यांत एका भिंतीपलीकडे डिझायनर बसलेला असतो आणि अलीकडे वेल्डिंग, लेथ, कॉम्प्रेसर चालू असतात. मोठी मोटर चालू होताना व्होल्टेज क्षणभर बसतं. चांगला एसएमपीएस ते झेलतो, हलका झेलत नाही. मशीन आपल्या बेंचवर दोन दिवस बिनतक्रार चालतं, गिऱ्हाइकाने त्याच्या जागेवर नेलं की पुन्हा रीस्टार्ट.

फरक ओळखण्याची खूण: ब्लू स्क्रीन न येता, काहीही न सांगता मशीन झटकन रीस्टार्ट होतं आणि इव्हेंट व्ह्युअरमध्ये फक्त कर्नल-पॉवर ४१ एवढीच नोंद मिळते. ती नोंद मशीन नीट बंद न होता रीस्टार्ट झालं इतकंच सांगते, कारण सांगत नाही. मग गिऱ्हाइकाला वेळ विचार: कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशीही पडतं का? पडत नसेल तर मल्टिमीटर घेऊन त्याच्या जागेवर जा. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत असावेत. जास्त असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलव आणि मशीनला चांगला यूपीएस सांग. रॅमचा वेग तोपर्यंत अधिकृतच ठेव.

कुणाला वेग द्यायचा, कुणाला नाही

गेम खेळणाऱ्या पोराचं मशीन पडलं तर एक डाव जातो. व्हिडिओवाल्याचं रेंडर गेलं तर एक दुपार जाते. पण सीएच्या ऑफिसात, गोदामाच्या स्टॉकच्या मशीनवर, पॅथॉलॉजी लॅबमध्ये गोष्ट वेगळी. तिथे मशीन पडणं हे कमी धोक्याचं, कारण ते निदान दिसतं. मशीन न पडता चुकीचा आकडा लिहिणं जास्त धोक्याचं.

१८ मे २००३ च्या बेल्जियममधल्या निवडणुकीत स्कारबेक इथे एका उमेदवाराला शक्य होती त्यापेक्षा जास्त मतं पडलेली दिसली. तपासात जादा मतं निघाली बरोबर ४०९६. हा आकडा दोनाचा बारावा घात आहे, म्हणजे मशीनच्या मेमरीतला एकच बिट पलटल्याने पडणारा फरक. प्रोग्रॅममध्ये दोष सापडला नाही. बिट आपोआप पलटला असावा हेच स्पष्टीकरण उरलं. तिथे आकडा अशक्य होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं. भंगाराच्या किंवा कापडाच्या व्यापाऱ्याच्या खात्यात ४०९६ रुपयांचा फरक पडला तर दोष मुनीमजींवर येईल.

म्हणून हिशेबाच्या मशीनवर एक्सएमपी कधीच लावायचं नाही, मालकाने आग्रह केला तरी नाही. पैसे असतील तर त्याला ईसीसी रॅम आणि ती चालवणारा बोर्ड सुचव. ती एका बिटाची चूक स्वतः सुधारते आणि दोन बिटांची कळवते. डीडीआर-५ च्या चिपमध्ये आतल्या आत सुधारणा असते हे खरं, पण ती चिपपुरतीच. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही, आणि वेग वाढवल्यावर चुका बहुतेक त्याच वाटेवर होतात.

मशीन परत देताना

दुकानात एक वही आहे. प्रत्येक मशीनचं एक पान. आलेली तक्रार गिऱ्हाइकाच्या शब्दांत, बोर्ड, प्रोसेसर, स्टिकचा मॉडेल नंबर, बायॉसची आवृत्ती आणि मग एकाखाली एक बदल: काय बदललं, कुठली चाचणी लावली, किती वेळ टिकलं. दोन गोष्टी एकदम बदलून मशीन बरं झालं तर बरं कशाने झालं हे कळत नाही, आणि तेच मशीन सहा महिन्यांनी परत आलं की पुन्हा पहिल्यापासून खोदावं लागतं. वहीत नीट लिहिलेलं असेल तर बायॉसचा सेल संपून सगळी सेटिंग्ज उडाली तरी पाच मिनिटांत काम होतं.

त्या पानाचा सार एका छोट्या स्टिकरवर लिहून कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटव: वेग, सीएल, व्होल्टेज, बायॉसची आवृत्ती, तपासणीची तारीख. पुढचा कारागीर कुणीही असो, त्याला त्याचा उपयोग होईल. आणि वेग कमी केला असेल तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांग: तुमची रॅम ३६०० ची आहे, तुमच्या प्रोसेसरवर ती ३२०० ला बिनचूक चालते, म्हणून तिथे लावली आहे. गुपचूप उतरवलेला वेग त्याला नंतर दिसला तर आपल्यावरचा विश्वास उडेल. समोर हिशेब करून उतरवलेल्या वेगाची तक्रार घेऊन सहसा कुणी परत येत नाही. उद्या तुझ्या हाताखाली कुणी पोरगं शिकायला आलं, तर त्याला स्क्रू ड्रायव्हर देण्याआधी ही वही वाचायला दे.